चापाचं वजन

खंडेनवमीच्या सकाळी गहिनीनाथ आण्णांचं पिस्तूल बोललं नाही. बीडच्या नव्या वसाहतीतलं त्यांचं घर, अंगणात पाट, पाटावर विळा, कोयता, कुदळ, ट्रॅक्टरची किल्ली, मुलाच्या, सुरजच्या टिपरचा जॅक आणि या सगळ्यांच्या मधोमध मानाच्या पाहुण्यासारखं ते काळं पिस्तूल. तुळजाबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, ओवाळलं. मग दरवर्षीचा रिवाज होता. गोळ्या कपाटात राहायच्या, आण्णा रिकामं पिस्तूल उचलायचे, आभाळाकडे धरायचे आणि एकदाच चाप दाबायचे. टक. तेवढा आवाज झाला की तुळजाबाई म्हणायच्या, "बोललं," आणि नारळ फुटायचा. या वर्षी आण्णांनी पिस्तूल आभाळाकडे धरलं, बोट चापावर गेलं, चाप अर्धा मागे आला आणि तिथेच राहिला. आण्णांनी दात आवळले. सत्तरीचं बोट, पेरं गाठाळलेली, थंडीची चाहूल लागली की आखडणारी. चाप पुन्हा पुढे सरकला आणि बोटाला जागेवर ठेवून आला. तुळजाबाई तबक धरून उभ्या होत्या, निरांजनाची ज्योत हलत होती. "आना इकडं, आण्णा," सुरज म्हणाला, आणि त्यांच्या हातून घेऊन त्यानं एका बोटानं, बघतसुद्धा नाही असं, टक केलं. नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. सगळं रीतसर झालं.

आण्णांना लाज वाटली असं म्हणावं तर तसं नव्हतं. लाज त्यांनी राजकारणात कधीच पचवून टाकली होती. त्यांना नवल वाटत होतं. दिवसभर ते झोपाळ्यावर बसून आपल्या बोटाकडे पाहत राहिले. याच बोटानं दर निवडणुकीला बटण दाबलं, याच बोटानं कितीकांना गप्प केलं, याच बोटानं नातवंडांच्या तोंडात मध घातला, आणि आज मनानं हुकूम सोडला, तो खांद्यातून, कोपरातून, मनगटातून नीट खाली उतरला, आणि शेवटच्या पेराशी येऊन कोणीतरी दार लावून घेतलं. मन म्हणतं दाब आणि बोट म्हणतं नाही. म्हणजे मन आणि बोट ही दोन वेगळी माणसं होती की काय? इतकी वर्षं एका ताटात जेवली म्हणून एक वाटली? दुपारी जेवताना सुरजनं विषय काढलाच. "आण्णा, सत्तरी झाली. आता कायद्यानंच लायसन पोराच्या नावावर करता येतंय. कागद मी बघतो." आण्णा भाकरी मोडत राहिले. सुरज वाईट पोरगा नव्हता, पण त्याची जीभ डोक्याच्या आधी चालायची; हात जिभेच्या आधी चालला तर काय, या विचारानं आण्णांचा घास तोंडात फिरत राहायचा. गेल्याच महिन्यात गोदावरीच्या काठी वाळूवरून दुसऱ्या टोळीनं त्याच्या टिपरची काच फोडली होती. तेव्हापासून तो एकच वाक्य बोलायचा, "चालवायचं कुनाला हाय? एकदा नुसतं दाखवायचं असतं." जोवर आण्णांचं बोट चालतं तोवर पिस्तूल कपाटात. बोट थांबलं की ते सुरजच्या कमरेला जाणार, आणि तिथून कुठे जाईल ते देवाला माहीत. त्या रात्री आण्णांनी ठरवलं, बोट बदलता येत नाही, पण चाप हलका करता येत असेल. करून घ्यायचा.

आणि गंमत अशी की सुरजच्या या हट्टाचं मूळही आण्णांच्याच एका गोष्टीत होतं. ती गोष्ट गेवराई तालुक्यात पोरासोरांना ठाऊक होती. अठरा वर्षांपूर्वी आण्णांचे वाळूचे ट्रॅक्टर नदीत उतरायचे. पात्र खरवडून खरवडून काठावरच्या विहिरी कोरड्या पडल्या, आणि सोमेश्वर नावाचा एक कापूसवाला शेतकरी एका संध्याकाळी ट्रॅक्टरच्या पुढे येऊन उभा राहिला. हटेना. आण्णा तेव्हा ऐन भरात होते. पिस्तूल येऊन महिनाही झालेला नव्हता. त्यांनी ते काढलं, सोमेश्वरच्या कपाळावर धरलं. मागे पाचपन्नास माणसं. आणि मग आण्णांनी हात खाली घेतला, ट्रॅक्टर माघारी वळवले, पुन्हा त्या पात्रात उतरले नाहीत. लोक सांगताना म्हणायचे, वाघानं तोंडातलं कोकरू सोडावं तसं सोडलं. त्या गोष्टीनं आण्णांना मोठं केलं. जिल्हा परिषदेत ते निवडून आले, पण ते सोडाच. बांधावरची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, पळून गेलेल्या पोरींचे बाप, सगळे त्यांच्या ओट्यावर येऊ लागले. "आण्णा, तुमी तर कपाळावरचं हत्यार खाली घेतलंत, तुमी सांगाल ते ऐकू." खंडेनवमीचा तो रिवाजही त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाला. आण्णांनी तो का सुरू केला हे कोणी विचारलं नाही. हत्यार चालू आहे, चाप ओढला तर सुटतो, म्हणजे त्या दिवशी थांबलं ते हत्यार नव्हतं, थांबला तो माणूस, एवढं दरसाल चार लोकांत ऐकू यावं म्हणून ते टक होतं. सुरज त्या टकावर वाढला. म्हणूनच तो म्हणायचा, "तुमी ठेवलाच की ताबा. मी तुमचंच रगत हाय ना?" आणि गोष्ट तर आण्णांचीच होती.

बंदूक दुरुस्तीचं रीतसर लायसन असलेलं सुग्रीवचं दुकान बीडातच, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. सुग्रीव फौजेत हत्यारं दुरुस्त करायचा. निवृत्त होऊन आला तेव्हा मिशी आणि बढाया तेवढ्या घेऊन आला असं लोक म्हणायचे. दसऱ्यानंतर दोघं तिथे गेले; सुरज गाडीत बसून फोनवर बोलत राहिला, आण्णा आत गेले. "चाप जड झालाय," ते म्हणाले. "बोट झालंय म्हना की," सुग्रीव हसला, "लाजायचं काय त्यात? लई मोठमोठे सायब येत्यात माझ्याकडं. लोनी करून देतो, लोनी!" त्यानं पिस्तूल तपासून रिकामं असल्याची खात्री केली, नळी वर करून शिकंज्यात धरलं, चापाला एक आकडा अडकवला आणि आकड्याला पाण्याचा प्लास्टिकचा कॅन टांगला. "आदी जुन्याचं वजन बघू. म्हंजे मागून तुमी म्हनायला नको, सुग्रीवनं काय केलं." रबरी नळीनं तो कॅनमध्ये पाणी सोडू लागला. आण्णा स्टुलावर बसून पाहत होते. पाणी चढत होतं आणि चाप हलत नव्हता. तळ भरला, पाव कॅन भरला, अर्धा झाला. चाप किंचित मागे आला, त्याबरोबर पिस्तुलाच्या पाठीवरचा छोटा घोडा उठून मागे झुकला आणि तसाच राहिला. आण्णांना वाटलं आता. पण पाणी चढतच होतं. कॅन गळ्यापर्यंत आला, त्याच्या बुडाशी थेंब लोंबू लागले, आणि मग टक, सगळं एकदम सुटलं, कॅन हिंदकळला, थोडं पाणी फरशीवर सांडलं. "बाब्बौ!" सुग्रीवनं मिशीवरून हात फिरवला. "आण्णा, ह्या चापानं आजवर कुनी मेला नसंल. मारायचं मनात आलं तरी मानूस अर्ध्या वाटंत दमंल!" तो स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला. आण्णाही हसायला लागले, आणि हसू तोंडावर असतानाच आत कुठेतरी काहीतरी निसटलं. जिना उतरताना एक पायरी कमी भरावी तसं.

सुग्रीवनं पांढरं फडकं अंथरलं आणि पिस्तूल खोलायला घेतलं. ज्याच्या धाकानं रस्ते मोकळे व्हायचे ते हत्यार बघता बघता सुटं झालं, आणि फडक्यावर उरल्या पिना, पट्ट्या, आणि दोनतीन स्प्रिंगा. त्यांतली मोठीही करंगळीएवढी. "हा बघा आत्मा," सुग्रीव म्हणाला, आणि मग नाक जवळ नेऊन थांबला. "आण्णा, ह्यात गूळ घातलाय का कुनी?" स्प्रिंगच्या वेटोळ्यात, खाचांत, काळा चिकट थर बसलेला होता, आणि त्या थरात वाळून कोळसा झालेल्या मुंग्या होत्या. आण्णांना क्षणभर कळेना, आणि मग तुळजाबाई आठवल्या, अठरा वर्षांपूर्वीच्या. पिस्तूल घरात आलं ती पहिली खंडेनवमी. तुळजाबाईंचं म्हणणं, देव असो की हत्यार, घरात पहिल्यांदा आलं की न्हाऊ घालायचं. दूध, दही, तूप, मध, साखर. आण्णा पुढच्या खोलीत कार्यकर्त्यांशी बोलत होते आणि आत तुळजाबाईंनी पिस्तुलाला ताम्हनात ठेवून पंचामृतानं आंघोळ घातली, वरवर पुसलं, गंध लावलं. आण्णांनी पाहिलं तेव्हा डोक्याला हात लावला होता, पण अंगणात माणसं होती, बायकोला काय बोलणार. पुढच्या वर्षापासून नुसतं हळदकुंकू झालं. पण ते मध आणि ती साखर आतच राहिली होती, घट्ट होत, आणि मुंग्या आपल्या वाटेनं आत गेल्या आणि परतल्या नाहीत. "नवी स्प्रिंग जड, त्यात ताजं पंचामृत," सुग्रीव पिन टोकरत म्हणाला, "त्या वर्षी तर हा चाप बैलानंच वढला असंल." पंचामृताची ती नवमी आणि सोमेश्वरची ती संध्याकाळ यांच्यामध्ये फक्त दसरा आणि कोजागिरी होती. आण्णांनी हिशेब केला नाही. तो आपोआप झाला.

सुग्रीव रॉकेलमध्ये भाग धूत होता, फौजेतल्या गोष्टी सांगत होता, आणि आण्णा त्या करंगळीएवढ्या तारेच्या वेटोळ्याकडे डोळे लावून बसले होते. ते मनात पुन्हा त्या संध्याकाळी गेले. ओल्या वाळूचा वास, डिझेलचा धूर, ट्रॅक्टर बंद केल्यावर तापल्या पत्र्याचं कडकड थंड होत जाणं, सोमेश्वरच्या बनियनला खांद्याशी भोक, त्यातून दिसणारी काळी कातडी, पलीकडे पाण्यात एका पायावर उभा बगळा. हे सगळं होतं. हात वर गेलेला होता. हात खाली आलेला होता. पण हात वर जाणं आणि खाली येणं यांच्यामध्ये बोट काय करत होतं, ते नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. आणि अठरा वर्षांत तिथे काही नाही हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, कारण लोकांनी ती जागा भरून दिली होती. आण्णांनी सोडलं. आण्णांनी हात खाली घेतला. त्या रात्री घरी येऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली होती, देवापुढे बसले होते आणि आपल्यात काहीतरी मोठं उतरून गेलं म्हणून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ते पाणी खोटं नव्हतं. पण उतरलं ते काय होतं? मध होता? साखर होती? कारखान्यात कोणा अनोळखी माणसानं जरा जास्त पीळ देऊन वळलेली तार होती? माणसाचा जीव, त्याचं घर, त्याच्या बायकोचं कुंकू, आपला मोठेपणा, इतक्या गावांचे इतके निवाडे, सगळं त्या एका वेटोळ्यावर तोलून धरलेलं, आणि ते वेटोळं आपलं मुकाट, ना मान मागणारं ना पान. आण्णांना भीती वाटायला हवी होती. पण त्यांना वाटलं ते देवळात गेल्यावर वाटतं तसं. हात आपोआप जोडले जावेत असं. सुग्रीव समोर होता म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले.

"आता ही बघा," सुग्रीवनं नवी स्प्रिंग बसवून, जोडून, पुन्हा कॅन टांगला. या वेळी तळ झाकून जरा वर पाणी आलं आणि टक. "मोजून मापून केलंय. ह्याच्या खाली मी जात न्हाई, धोका हाय. दाबून बघा." आण्णांनी पिस्तूल हातात घेतलं, रिकामं असल्याचं स्वतः पाहिलं, भिंतीखालच्या वाळूच्या पोत्याकडे धरलं. बोट चापावर ठेवलं. दाबू का, असा विचार ते करणारच होते. टक. विचार मागून आला. आण्णा हाताकडे बघत राहिले. मघाशी भरत गेलेला तो कॅन, तो इतका वेळ, घोडा मागे झुकून थांबलेला, अजून नाही, अजून नाही, ती सगळी लांबलचक जागा गेली होती. माणसाला माघारी फिरायला तेवढीच जागा होती आणि ती आपण पैसे देऊन काढून घेतली. "लोनी!" सुग्रीव म्हणाला. आण्णांनी पिस्तूल फडक्यावर ठेवलं. "पुन्हा खोल," ते म्हणाले. "खोलूनच ठेव. मी सांगेस्तोवर जोडू नको." "कावून? जड वाटतंय का अजून?" सुग्रीवचं तोंड पडलं. "मंग जुनी बसवू का नवी, ते तर सांगा!" पण आण्णा दुकानाची पायरी उतरले होते.

"गेवराईकडं घे," त्यांनी सुरजला सांगितलं. सुरजनं पिस्तूल कुठाय विचारलं, आण्णा म्हणाले दुकानात. महामार्गावर ऊसतोडीला निघालेले ट्रक एकामागे एक लागले होते, शिरूर कासारकडची माणसं, भांडीकुंडी, शेळ्या, वर बांधलेल्या खाटा, खाटांवर पोरं. सुरज त्यांना ओलांडत, हॉर्न देत, बोलत होता. वाळूवाल्यांनी परत निरोप धाडलाय, या वेळी ते गप बसणार नाहीत, आपणही बसायचं नाही. "अन् मी काय येडा हाय का लगीच चालवायला? तुमी कपाळावर धरून खाली घेतलंच ना? मानसाच्या मनावर असतंय, आण्णा." आण्णा खिडकीतून बघत होते. त्यांना ठाऊक होतं, आपण घरी जाऊन कपाटाला कुलूप लावलं तरी हे वाक्य कुलपात मावणार नाही. आणि ते खरं आहे की खोटं हे आपल्याला माहीत नाही. आपल्या स्वतःच्या आयुष्यातली एवढी एक गोष्ट आपल्याला माहीत नाही, आणि ती जगात एकाच माणसाला माहीत असू शकते. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी आण्णांची पाठ पाहिली होती. बोट फक्त सोमेश्वरच्या समोर होतं. नवल म्हणजे इतक्या वर्षांत त्याला कधी विचारलंच नाही. तो दरसाल दसरा झाला की घरी यायचा, जेवायचा, तंबाखू मळायचा, जायचा. आणि त्याची बायको कडूबाई दर भाऊबीजेला आण्णांना ओवाळायची, कारण ज्यानं कुंकू राखलं तो भाऊ, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

सोमेश्वरचं घर शेतातच, नदीपासून हाकेवर. पत्र्याचा सोपा, पुढे वेचलेल्या कापसाचा ढीग. सोमेश्वर त्यात बसून किडलेली कवडी बोंडं बाजूला काढत होता. कडूबाई सरीतून आली ती पदरानं तोंड पुसत, हसत. "अगं बाई, दादा! भाऊबीजेला टाइम हाय अजून. एवढी घाई कावून झाली?" मग सुरजकडे पाहून म्हणाली, "लेक बी आलाय. बसा, च्या टाकते," आणि सोप्याच्या आत गेली. आण्णा खाटेवर टेकले. सुरज खांबाला टेकून फोन बघत उभा राहिला. थोडा वेळ कापसाच्या भावाचं झालं, पाण्याचं झालं. मग आण्णा म्हणाले, "सोमेश्वर, एक इचारायचंय. त्या दिवशी तू माझ्या म्होरं हुतास. तुला काय दिसलं?"

सोमेश्वरनं हातातलं बोंड खाली ठेवलं नाही. "कावून इचारता आज?"

"मला आठवंना झालंय."

"तुमी हात खाली घेतला. सगळ्या जगाला ठावं हाय."

"जगाचं नगं. त्याच्या आदीचं सांग. बोटाचं."

सोमेश्वरनं एकदा सुरजकडे पाहिलं, एकदा आण्णांकडे. तो सांगू लागला तेव्हा आवाज कापसाच्या भावाचाच होता. "आसल्या टायमाला मानूस डोळ्यात बघत न्हाई, आण्णा. बोटात बघतो. तुमी दाबला. नख पांढरं पडलं तुमचं. तो मागचा घोडा हाय ना, तो उठला, मागं मागं गेला. मी म्हनलं, संपलं. मंग तो तितंच थांबला. थरथरत हुता. तुमी दात खाल्लं, आनिक दाबला. तरी बी तितंच. मंग बोट ढिलं पडलं, घोडा हळूच परत खाली बसला, अन् मंग तुमचा हात खाली आला." त्यानं बोंड फोडून सरकी बाजूला टाकली. "दोनदा दाबला तुमी."

फोनवरची सुरजची बोटं थांबली होती.

आण्णांना वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण कोसळू. पण तसं झालं नाही. त्या रिकाम्या जागेत सोमेश्वरचे शब्द अलगद जाऊन बसले, आणि त्याबरोबर नखाखालची ती कळसुद्धा परत आली, दातांतली ती वाळू. खरं होतं. ते समोरच्या माणसाकडे पाहू लागले. पांढरे झालेले केस, कापसाच्या तुसांनी माखलेल्या भुवया. तो दरवर्षी आपल्या पंक्तीला बसला होता. आपण चारचौघांत ती गोष्ट लोकांच्या तोंडून ऐकत मान खाली घालून नम्रपणे हसायचो तेव्हा हा शेजारी बसून भात कालवत होता. "आरं, मंग बोलला कावून न्हाईस?" ते खाटेवरून पुढे वाकले. "अठरा वर्सं!"

"आदी भ्यालो हुतो. खोटं कशाला सांगू?" सोमेश्वर म्हणाला. "मंग लोकं बोलायला लागली, आण्णांनी सोडला. मी म्हनलं बोलू द्या. मंग तुमी आमच्या गावात पंच म्हनून आलतात, त्या दोगा भावांचं कुऱ्हाडीवर आलतं तवा. तुमी म्हनलात, मी हात खाली घेतला, तुमी बी घ्या. तवा माझ्या तोंडाशी आलतं बगा, की खोटं हाय. पन दोगं भाऊ रडाया लागले. कुऱ्हाडी टाकल्या त्यांनी. मंग म्हनलं, कशाला मोडायचं? एकदा नाव पडलं की मानसाला त्या नावासारखं वागावं लागतंय. तुमी वागलात. माझी हीर बी भरली. आनिक काय पायजे?"

"अन् दरसाल माझ्याकडं जेवाया येत हुतास?"

"यायचो." तो पहिल्यांदा थोडा हसला. "बघाया. हात अजून खालीच हाय का."

दुकानात त्या तारेपुढे जुळू पाहणारे हात त्यांनी मांडीवर दाबून ठेवले होते. आता ते कोणाला विचारून उठले नाहीत. सत्तर वर्षांचा पुढारी, ज्याच्या ओट्यावर तालुका येऊन बसायचा, तो खाटेवर बसल्या बसल्या कापसातल्या माणसाला हात जोडत होता. "आसं करू नगा," सोमेश्वर ओशाळून म्हणाला आणि घाईघाईनं दुसरं बोंड उचललं. तेवढ्यात दोघांच्याही ध्यानात आलं की आत स्टोव्हचा आवाज बंद झालेला आहे, आणि बराच वेळ झाला बंद होऊन. पत्र्याच्या भिंतीला काय आडपडदा. कडूबाई दारात उभी होती. ताटलीत तीन कप. चेहऱ्यावरचं मघाचं हसू गेलं होतं, पण त्या जागी राग आला होता असंही नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती.

"मला बी सांगितलं न्हाई?"

"सांगितलं आसतं," सोमेश्वर म्हणाला, "तर तू ववाळलं आसतंस का?"

तिनं एक कप नवऱ्यापुढे ठेवला. एक सुरजला दिला. सुरजनं तो दोन्ही हातांनी घेतला, लहानपणी घ्यायचा तसा. तिसरा कप ताटलीतच राहिला. ती आण्णांच्या समोर येऊन उभी राहिली. आण्णांनी वर पाहिलं. इतक्या भाऊबीजा हा चेहरा निरांजनाच्या उजेडात समोर आला होता आणि दर वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते, भारावून. आज उजेड दुपारचा होता आणि डोळे मिटायची सोय नव्हती.

"ते हत्यार कुठं हाय आता?" तिनं विचारलं.

"बीडला. दुकानात. चाप हलका करायला दिलता."

"कुनासाठी?"

कडूबाईनं मान वळवून सुरजकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या कपाकडे, कप धरलेल्या बोटांकडे, आणि मग परत आण्णांकडे. "ह्याच्या कमरंला बांधनार?"

सुरजनं काही म्हणायला तोंड उघडलं. मानसाच्या मनावर असतंय, हेच म्हणायला असेल. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत येताना आण्णांना दिसलं आणि तिथेच थांबलेलंही दिसलं. त्यानं तोंड मिटलं आणि खाली कपात पाहू लागला.

"न्हाई," आण्णा म्हणाले. "ह्याच्या न्हाई अन् माझ्या बी न्हाई. तसंच खोललेलं ठाण्यात जमा करतो. लायसन बी."

कडूबाई तशीच उभी राहिली. शब्द खरा आहे की नाही हे ती त्यांच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहून ठरवत होती. मग तिनं ताटलीतला कप उचलून त्यांच्या हातात दिला.

"मंग घ्या च्या," ती म्हणाली.